एरर ९१ आणि तीनशे सारख्या नोंदी: व्हीबीएत स्वतःचा टाइप घोषित करणं आणि ‘सेट’ करणं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गावातल्या दूध संकलन केंद्राची रोजची नोंद एक्सेलमध्ये असते. तिच्यावरून दहा दिवसांचं बिल काढायला तुम्ही व्हीबीएत (एक्सेलच्या आतल्या प्रोग्रामिंगच्या भाषेत) ‘दूधनोंद’ नावाचा क्लास, म्हणजे ऑब्जेक्टचा साचा, केला. ‘डिम’ने त्याचं व्हेरिएबल घोषित करून त्यात उत्पादकाचा कोड भरायला गेलात, तर एरर ९१ आला. कुणीतरी ‘ॲज न्यू’ लिहायला सांगितलं आणि एरर गेला. पण आता कलेक्शनमध्ये (ऑब्जेक्टच्या यादीत) तीनशे नोंदी भरतात आणि सगळ्यांत शेवटच्याच उत्पादकाचं दूध दिसतं. क्लासऐवजी साधा ‘टाइप’ वापरला तर सुटेल का, हेही तुम्ही विचारलंय.

दोन्ही दुखणी एकाच जागेची आहेत. पहिल्यावरचा इलाज ते दुखणं नीट न समजता केला, म्हणून दुसरं आत शिरलं. एरर ९१ निदान तोंडावर सांगतो. तीनशे सारख्या नोंदी काहीच सांगत नाहीत, आणि एखाद्या दहावड्याला त्या बिलात तशाच छापल्या गेल्या असत्या. म्हणून उत्तर जरा लांबवतोय.

आधी एक गोष्ट. खाली कोड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलाय. एडिटरमध्ये कीवर्ड नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगनेच टाइप करायचे आणि क्लासची, व्हेरिएबलची नावंही रोमनमध्येच ठेवायची. त्यामागचं कारण पुढे येईल.

तुम्ही लिहिलं होतं:

    डिम नोंद ॲज दूधनोंद
    नोंद.कोड = १०४

पहिल्या ओळीने दूधनोंद तयार झाली असं तुम्ही धरून चाललात. तशी ती होत नाही. गोठ्यातलं उदाहरण घ्या. डिम म्हणजे हातात दावं घेणं. हे दावं म्हशीसाठी आहे, बैलासाठी नाही, एवढंच तुम्ही सांगितलंत. म्हैस अजून आलेलीच नाही. दुसऱ्या ओळीत तुम्ही दाव्याच्या मोकळ्या टोकाला धार काढायला बसलात. मोकळ्या टोकाला व्हीबीएत ‘नथिंग’ म्हणतात, आणि नथिंगकडे काही मागितलं की एरर ९१ येतो: ऑब्जेक्ट व्हेरिएबल ऑर विथ ब्लॉक व्हेरिएबल नॉट सेट. त्या वाक्यातला शेवटचा शब्दच इलाज सांगतो.

    डिम नोंद ॲज दूधनोंद
    सेट नोंद = न्यू दूधनोंद
    नोंद.कोड = १०४

‘न्यू’ म्हणजे म्हैस आणणं, ‘सेट’ म्हणजे तिला दावं बांधणं. ही दोन वेगळी कामं आहेत. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

मग लाँग, डबल, स्ट्रिंग यांना सेट का लागत नाही? कारण तिथे व्हेरिएबल हीच वस्तू असते. ‘डिम लिटर ॲज डबल’ म्हटल्याक्षणी आठ बाइटांची जागा मिळते आणि तिच्यात शून्य असतं. दावं वगैरे काही नाही. बेसिकचा जन्म १९६४ साली डार्टमथला झाला, तेव्हा भाषेत आकडेच होते आणि किंमत भरायला ‘लेट’ हा शब्द लिहावाच लागायचा. पुढे लेट लिहिणं ऐच्छिक झालं आणि नुसतं बरोबरचं चिन्ह उरलं. व्हीबीएत आजही ‘लिटर = ८.५’ या ओळीच्या पोटात न लिहिलेला लेट असतो. म्हणजे व्हीबीएत असाइनमेंट दोन प्रकारची आहे. लेट किंमत उतरवून घेतो, सेट दावं बांधतो. चिन्ह एकच असल्याने डोळ्याला फरक दिसत नाही, एवढाच घोळ.

आता तुमचा ‘टाइप’. क्विकबेसिक ४.० ने १९८७ साली टाइप–एंड टाइप आणलं आणि ते व्हीबीएत जसंच्या तसं चालत आलं. क्लास मॉड्यूल मात्र व्हिज्युअल बेसिक ४ बरोबर १९९५ साली आले. टाइप असा लिहितात, आणि तो साध्या मॉड्यूलच्या अगदी वर, कुठल्याही सबच्या (चालवायच्या प्रोसीजरच्या) आधी:

    टाइप नोंदओळ
        कोड ॲज लाँग
        लिटर ॲज डबल
        फॅट ॲज डबल
        एसएनएफ ॲज डबल
        दर ॲज करन्सी
    एंड टाइप

(एसएनएफ म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ.) ‘डिम अ ॲज नोंदओळ’ म्हटलं की सगळ्या रकान्यांची जागा लगेच तयार होते. न्यू नाही, सेट नाही, एरर ९१ नाही. आणि ‘ब = अ’ म्हटलं की वहीचं अख्खं पान उतरवून घेतल्यासारखी नक्कल होते. त्यानंतर ब मधला लिटरचा आकडा बदला, अ तसाच राहतो. टाइपमध्ये डायनॅमिक ॲरे (लांबी बदलता येणारी किमतींची रांग) असेल तर तीही पूर्ण उतरते. मात्र टाइपच्या आत एखादा ऑब्जेक्ट ठेवला असेल तर नकलेत त्याचं दावंच येतं, म्हैस दुसरी येत नाही.

क्लासचं याच्या उलट. ‘सेट ब = अ’ म्हटलं की एकाच म्हशीला दोन दावी झाली. ब मधून फॅट ३.५ चा ३.८ केलात की अ मधूनही ३.८ दिसणार. यात चुकीचं काही नाही, क्लास त्यासाठीच असतो. पण मनात वहीचं पान धरून क्लास वापरला की नेमका तुमच्यासारखा घोटाळा होतो.

(जाता जाता: कोडला आणि ओळींच्या मोजणीला लाँग घ्या, इंटीजर नको. इंटीजर ३२,७६७ च्या पुढे जात नाही. तीनशे उत्पादक, सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्या, तीस दिवस, म्हणजे महिन्याच्या १८,००० ओळी. दोन महिन्यांचा डेटा एका पानावर आला की काउंटर एरर ६ देऊन आडवा होतो. दराला करन्सी घेतलाय कारण त्यात दशांशानंतरची चार स्थळं अचूक राहतात. डबलमध्ये पैशाच्या बेरजा केल्या की बिलात एखाद्या पैशाचा फरक निघतो आणि मग तो शोधत संध्याकाळ जाते.)

सेट विसरलं की काय होतं, ते एररच्या नंबरावरून ओळखता आलं पाहिजे. भाषेने सेट हा वेगळा शब्द का ठेवला, हेही त्यातूनच कळतं. एक्सेलची रेंज घ्या:

    डिम र ॲज रेंज
    र = रेंज("ए२")

इथे एरर ९१ येतो. सेट नाही म्हणजे आत लेट आहे. लेट म्हणतो, र नावाच्या रेंजमध्ये किंमत भर. रेंजची डीफॉल्ट प्रॉपर्टी (नाव न घेता मागितलं की मिळते ती) व्हॅल्यू, म्हणून तो र.व्हॅल्यू शोधायला जातो आणि र तर नथिंग आहे. आता र हा व्हेरिएंट (किंमत किंवा ऑब्जेक्ट, काहीही मावणारा प्रकार) असता तर? ‘र = रेंज("ए२")’ बिनातक्रार चालतं आणि र मध्ये सेलमधली किंमत येते, सेल नव्हे. ‘सेट र = रेंज("ए२")’ म्हटलं तर सेल येतो. एकाच ओळीचे दोन अर्थ, दोन्ही वैध, आणि कोणता हवा ते फक्त सेट ठरवतो. सेट नसता तर तुम्हाला किंमत हवी की सेल, हे भाषेला कळायला मार्गच नव्हता.

व्हेरिएंटमध्ये तुमच्या स्वतःच्या क्लासचा ऑब्जेक्ट सेटशिवाय टाकायला गेलात तर साधारणपणे एरर ४३८ मिळेल, कारण लेट डीफॉल्ट प्रॉपर्टी शोधतो आणि तुमच्या क्लासला ती नाही. उलट, जिथे किंमत आहे तिथे सेट लावलात, उदाहरणार्थ ‘सेट र = रेंज("ए२").व्हॅल्यू’, तर एरर ४२४, ऑब्जेक्ट रिक्वायर्ड. हाच ४२४ आणखी एका कारणाने येतो: व्हेरिएबलचं नाव चुकून वेगळं टाइप झालं आणि मॉड्यूलच्या माथ्यावर ऑप्शन एक्स्प्लिसिट नाही. मग व्हीबीए त्या चुकीच्या नावाचा रिकामा व्हेरिएंट गुपचूप तयार करतं आणि त्याच्याकडे .कोड मागितला की ऑब्जेक्ट नाही म्हणतं. टूल्स, ऑप्शन्स, एडिटर इथे जाऊन ‘रिक्वायर व्हेरिएबल डिक्लेरेशन’ला खूण करा. आधीपासून असलेल्या मॉड्यूलमध्ये ती ओळ आपोआप येत नाही, हाताने लिहावी लागते.

घोषणेतली आणखी एक चूक इतकी जुनी आहे की ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ‘डिम अ, ब, क ॲज दूधनोंद’ या ओळीत फक्त क दूधनोंद आहे. अ आणि ब व्हेरिएंट झाले. प्रत्येकाला स्वतःचं ‘ॲज दूधनोंद’ लिहावं लागतं. तसं केलं नाही तरी काम बऱ्याचदा चालतं, पण डॉट दाबल्यावर रकान्यांची यादी उघडत नाही आणि .लिटरऐवजी .लीटर लिहिलं तर कंपाइल करताना कळत नाही, चालवताना कळतं.

आता मुख्य दुखणं. तुमचा लूप असा होता (‘यादी’ म्हणजे कलेक्शन, ‘पान’ म्हणजे वर्कशीट):

    फॉर ओळ = २ टू शेवटची
        डिम नोंद ॲज न्यू दूधनोंद
        नोंद.कोड = पान.सेल्स(ओळ, १).व्हॅल्यू
        नोंद.लिटर = पान.सेल्स(ओळ, २).व्हॅल्यू
        यादी.ॲड नोंद
    नेक्स्ट ओळ

वाचताना वाटतं की प्रत्येक फेरीत नवी दूधनोंद होते. पण व्हीबीएत डिम ही चालणारी ओळच नाही. ती लूपमध्ये लिहा, इफच्या आत लिहा, सबच्या मध्यावर लिहा, तिचा अर्थ एवढाच की या सबमध्ये या नावाचं एक व्हेरिएबल आहे. एफ ८ दाबत एक एक ओळ चालवून पाहा. पिवळा पट्टा डिमवर थांबतच नाही, तिला ओलांडून पुढे जातो.

मग ‘न्यू’ कधी घडतं? ‘ॲज न्यू’चा अर्थ असा: या नावाचा उल्लेख येईल तेव्हा आत नथिंग असेल तर तिथल्या तिथे नवा ऑब्जेक्ट कर. पहिल्या फेरीत नोंद.कोडला हात लागला, आत नथिंग होतं, नवी म्हैस आली. दुसऱ्या फेरीत हात लागला, आत नथिंग नाही, मग नवी कशाला? त्याच म्हशीच्या अंगावर दुसऱ्या उत्पादकाचा कोड चढला. ‘यादी.ॲड नोंद’ने कलेक्शनमध्ये दर वेळी त्याच म्हशीचं आणखी एक दावं टाकलं. तीनशे फेऱ्यांनंतर तीनशे दावी आणि एक म्हैस. तिच्यावर शेवटचं जे लिहिलं तेच सगळ्या दाव्यांतून दिसणार.

मी स्वतः याच चुकीत एक अख्खा दिवस घालवलाय. व्हिज्युअल बेसिक ६ मधलं काम होतं, एका पतसंस्थेच्या ठेवींची यादी. यादीत ओळी बरोबर, संख्या बरोबर, आणि प्रत्येक ओळीवर एकच नाव. मी दिवसभर डेटाबेसच्या क्वेरीला धरून बसलो, कारण ‘ॲज न्यू’ लिहिलंय म्हणजे नवा होतोच यावर माझा विश्वास होता. म्हणून आता सांगतो: व्हीबीएत ‘डिम … ॲज न्यू’ लिहूच नका. लूपमध्ये तर नाहीच, बाहेरही नाही.

बाहेरही का नाही, त्याला दुसरं कारण आहे. ‘ॲज न्यू’ने घोषित केलेल्या व्हेरिएबलला ‘इफ नोंद इज नथिंग’ असं विचारलं की उत्तर कायम फॉल्स. विचारण्यासाठी नाव घेतलं, नाव घेतल्याबरोबर नवा ऑब्जेक्ट झाला, मग नथिंग कुठून असणार? ‘सेट नोंद = नथिंग’ केलंत आणि पुढच्या ओळीत चुकून नोंद.लिटर वाचलंत, तर एरर येत नाही. नवीकोरी, शून्य लिटरची नोंद तयार होऊन शून्य मिळतं. एरर ९१ आला असता तर पाच मिनिटांत चूक सापडली असती. शून्य लिटर बिलात जाऊन बसतं आणि उत्पादक दारात येतो तेव्हा कळतं.

दुरुस्त लूप असा:

    डिम नोंद ॲज दूधनोंद
    फॉर ओळ = २ टू शेवटची
        सेट नोंद = न्यू दूधनोंद
        नोंद.कोड = पान.सेल्स(ओळ, १).व्हॅल्यू
        नोंद.लिटर = पान.सेल्स(ओळ, २).व्हॅल्यू
        यादी.ॲड नोंद
    नेक्स्ट ओळ

सेट ही चालणारी ओळ आहे, प्रत्येक फेरीत खरोखर चालते. जुनी म्हैस यादीच्या दाव्याला बांधलेली राहते आणि ‘नोंद’ हे दावं नव्या म्हशीला लागतं.

मी यापुढे एक पाऊल टाकतो. क्लासच्या इनिशियलाइझला (नवा ऑब्जेक्ट होताना आपोआप चालणाऱ्या सबला) आर्ग्युमेंट देता येत नाहीत, त्यामुळे ‘न्यू दूधनोंद’ने नेहमी रिकामी नोंद मिळते आणि एखादा रकाना भरायचा राहून जातो. साध्या मॉड्यूलमध्ये एक फंक्शन ठेवा, नोंद तयार करण्याची एकच जागा:

    फंक्शन नवीनोंद(कोड ॲज लाँग, लिटर ॲज डबल, फॅट ॲज डबल, एसएनएफ ॲज डबल) ॲज दूधनोंद
        डिम न ॲज दूधनोंद
        सेट न = न्यू दूधनोंद
        न.कोड = कोड
        न.लिटर = लिटर
        न.फॅट = फॅट
        न.एसएनएफ = एसएनएफ
        सेट नवीनोंद = न
    एंड फंक्शन

शेवटची ओळ पाहा. फंक्शन ऑब्जेक्ट परत देत असेल तर तिथेही सेट लागतं, आणि नवशिक्यांचा निम्मा एरर ९१ इथेच असतो. न तयार झाला, भरला, सगळं नीट, आणि परत देताना सेट राहिलं. ज्या फंक्शनवर एरर येतो त्याची आधी शेवटची ओळ बघायची. हे फंक्शन असलं की लूपमध्ये ‘यादी.ॲड नवीनोंद(…)’ एवढंच उरतं, आणि फॅट पाचाच्या जागी पन्नास टाइप झालाय का हे तपासायलाही तीच जागा.

ॲड करताना एक कंसाची गोम आहे. ‘यादी.ॲड (नोंद)’ असं कंसात लिहिलंत तर एरर ४३८ येईल. मेथडनंतर जागा सोडून एकट्या आर्ग्युमेंटला कंस घातला की व्हीबीए म्हणतं, आधी याची किंमत काढ, मग पाठव. किंमत काढायची म्हणजे डीफॉल्ट प्रॉपर्टी, आणि ती तुमच्या क्लासला नाही. इतर भाषांतून आलेल्या माणसाचा हात कंसाकडे जातोच, तो आवरायचा. कॉल लिहून कंस दिला तर चालतो.

क्लासच्या आत प्रॉपर्टी लिहिताना हाच लेट-सेटचा भेद पुन्हा भेटतो. लिटर, फॅट, दर अशा साध्या किमतींसाठी प्रॉपर्टी लेट. एखादी प्रॉपर्टी स्वतःच ऑब्जेक्ट असेल, समजा नोंदीला उत्पादकाचा ऑब्जेक्ट जोडायचा असेल, तर प्रॉपर्टी सेट, आणि वापरतानाही ‘सेट नोंद.उत्पादक = उ’. प्रॉपर्टी गेटच्या आत परत देतानाही सेट. डिक्शनरीत (चावी देऊन वस्तू ठेवायच्या यादीत) जागेवर ऑब्जेक्ट ठेवताना ‘सेट कोश(कोड) = उ’ लिहावं लागतं. ‘कोश.ॲड कोड, उ’ असं लिहिलं तर नाही, कारण ती असाइनमेंट नव्हे.

नोंदीला उत्पादकाचा ऑब्जेक्ट जोडा असं मी म्हटलं खरं, पण तुमच्या कामात तसं करू नका, आणि त्याचं कारण दाव्याच्या उदाहरणातच आहे. व्हीबीए प्रत्येक ऑब्जेक्टला किती दावी बांधलेली आहेत ते मोजत असतं. शेवटचं दावं सुटलं की ऑब्जेक्ट मोडीत जातो आणि त्याच्या क्लासची टर्मिनेट नावाची सब चालते. म्हणूनच सबच्या शेवटी प्रत्येक व्हेरिएबलला ‘सेट … = नथिंग’ लिहिण्याची गरज नसते. सब संपली की तिची लोकल दावी आपोआप सुटतात. पण उत्पादकाकडे त्याच्या नोंदींची यादी आणि प्रत्येक नोंदीकडे उत्पादक, अशी रचना केलीत, तर दोन म्हशी एकमेकींना बांधल्यासारखं होतं. तुम्ही दोघींना सोडलंत तरी एकीचं दावं दुसरीकडे आहे, मोजणी शून्यावर कधीच येत नाही. प्रत्येक वेळी बिल काढलं की तीनशे उत्पादक आणि त्यांच्या नोंदी मेमरीत साचत राहतात. नोंदीत उत्पादकाचा कोड ठेवा, लाँग म्हणून. ऑब्जेक्ट हवा असेल तेव्हा डिक्शनरीतून कोडवरून काढा.

आता टाइप की क्लास. टाइप कलेक्शनमध्ये टाकता येत नाही, डिक्शनरीतही नाही. साध्या मॉड्यूलमधला टाइप व्हेरिएंटमध्ये मावत नाही आणि ही दोन्ही व्हेरिएंट साठवतात, त्यामुळे कंपाइललाच अडतं. टाइप आर्ग्युमेंट म्हणून बायव्हॅल (नक्कल करून) पाठवता येत नाही, बायरेफच (मूळ वस्तूच). दोन टाइप बरोबरच्या चिन्हाने ताडून पाहता येत नाहीत, एक एक रकाना ताडावा लागतो. पण टाइपची ॲरे करता येते, ती चपळ असते आणि सेटची कटकट नसते.

तुमच्यासाठी माझं मत स्पष्ट आहे. रोजच्या ओळी टाइपच्या ॲरेत ठेवा, उत्पादकाचा क्लास करा. सकाळची पाळी १०४ नंबरने ८.५ लिटर घातलं, ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ, ही एकदा लिहून झालेली गोष्ट आहे. तिला वागणूक नाही, ती फक्त वाचायची. उत्पादकाचं तसं नाही. त्याच्या खात्यात दहा दिवसांचं दूध जमा होतं, पशुखाद्याचे पैसे वजा होतात, उचल वजा होते, आणि कोडच्या बऱ्याच भागांतून त्या एकाच खात्याकडे बोट दाखवावं लागतं. अनेक दावी, एक म्हैस, ही गरज तिथे खरी आहे. तीनशे उत्पादकांचे ऑब्जेक्ट डिक्शनरीत कोडच्या चावीने ठेवा आणि ॲरेवरून एकच फेरी मारत प्रत्येक ओळ ज्याच्या त्याच्या खात्यात जमा करा. दूधनोंद क्लासच ठेवायचा असेल तरी चालेल, वर दुरुस्त केलेला लूप बरोबर आहे. तीनशेच काय, अठरा हजार नोंदींनाही तो पुरतो.

पानावरून वाचतानाही एक एक सेल नको. व्हेरिएंटमध्ये अख्खी रेंज सेटशिवाय घ्या, ‘डेटा = पान.रेंज("ए२:ई१८००१").व्हॅल्यू’. एकापासून मोजलेली दोन मितींची ॲरे मिळते आणि एक एक सेल वाचण्यातला बहुतेक वेळ वाचतो. इथे सेट नको आहे हे आता तुमचं तुम्हालाच कळेल: आपल्याला सेल नकोत, सेलमधलं दूध हवंय.

डिक्शनरीचा विषय निघालाच आहे. ‘डिम कोश ॲज डिक्शनरी’ लिहिल्यावर ‘यूजर-डिफाइन्ड टाइप नॉट डिफाइन्ड’ असं आलं तर घाबरू नका. टाइप तुमचा नाही, मायक्रोसॉफ्ट स्क्रिप्टिंग रनटाइमचा आहे, आणि टूल्समध्ये रेफरन्सेस उघडून त्याला खूण करावी लागते. तुमच्या स्वतःच्या क्लासच्या नावावर हाच संदेश आला, तर क्लास अजून ‘क्लास१’ याच नावाने बसलाय का ते बघा. एफ ४ दाबून प्रॉपर्टी विंडोत नाव बदलायचं असतं. रेफरन्स नको असेल तर ‘डिम कोश ॲज ऑब्जेक्ट’ आणि ‘सेट कोश = क्रिएटऑब्जेक्ट("स्क्रिप्टिंग.डिक्शनरी")’. यात डॉट दाबल्यावर यादी उघडत नाही, पण केंद्रावरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाइल नेली की रेफरन्स हरवल्याची भानगड होत नाही. मी लिहिताना रेफरन्स लावतो आणि फाइल दुसऱ्याच्या हातात देताना ऑब्जेक्टवर आणतो.

आता देवनागरीचं, म्हणजे नावं रोमनमध्येच का ठेवायची ते. व्हीबीएचा एडिटर युनिकोड नाही. तो विंडोजच्या जुन्या कोडपेजवर (मोजकीच अक्षरं मावणाऱ्या तक्त्यावर) चालतो आणि देवनागरीला असं कोडपेजच नाही. त्यामुळे कोडमध्ये अवतरणांत ‘सकाळ’ पेस्ट केलंत की प्रश्नचिन्हांची रांग मिळते, मेसेजबॉक्समध्येही तेच. स्ट्रिंग व्हेरिएबल मात्र आतून युनिकोडच असतं. म्हणून मराठी नावं, पाळ्यांची नावं, बिलावरचे मथळे एका वेगळ्या पानावर सेलमध्ये ठेवा आणि कोडने तिथून वाचा. सेलमधून सेलमध्ये, किंवा फॉर्मवरच्या लेबलमध्ये, ती सुखरूप पोचतात. अगदी एखादंच अक्षर कोडमध्ये हवं असेल तर सीएचआरडब्ल्यू फंक्शन आहे. सीएचआरडब्ल्यू(२३०९) म्हणजे ‘अ’.

इंटरनेटवर मिळणारे नमुने वाचताना ते कुठल्या बेसिकचे आहेत ते आधी बघा. २००२ साली आलेल्या व्हीबी डॉटनेटमध्ये सेट काढून टाकलंय, लिहिलंत तर एरर येतो. टाइपच्या जागी स्ट्रक्चर आलं. आणि तिथे लूपमधलं ‘डिम नोंद ॲज न्यू दूधनोंद’ प्रत्येक फेरीत खरोखरच नवा ऑब्जेक्ट करतं. तुम्हाला ज्याने ‘ॲज न्यू’ सुचवलं तो बहुधा त्या भाषेत वाढलेला असावा, त्याच्या जागी तो बरोबर आहे. फ्रीबेसिकमध्ये आणखी वेगळं: तिथे टाइपचं डिम म्हणजे प्रत्यक्ष वस्तू, आणि दावं हवं असेल तर पॉइंटर स्वतः घोषित करून न्यू आणि डिलीट दोन्ही हाताने करायचं.

आता तुमच्या फाइलवर एक चाचणी करा. व्हीबीएत ओबीजेपीटीआर नावाचं एक फंक्शन आहे, यादीत दिसत नाही पण चालतं. ते ऑब्जेक्टचा मेमरीतला पत्ता देतं. जुन्या लूपमध्ये ‘यादी.ॲड नोंद’च्या खाली ही ओळ टाका:

    डीबग.प्रिंट ओळ, ओबीजेपीटीआर(नोंद)

कंट्रोल-जी दाबून इमिजिएट विंडो उघडा. दिसणाऱ्या सगळ्या ओळींवर एकच आकडा असेल. मग ‘ॲज न्यू’ काढून लूपमध्ये सेट घाला आणि पुन्हा चालवा. आकडे वेगवेगळे यायला हवेत. फक्त ‘यादी.ॲड’ची ओळ तेव्हा चालू असू द्या. ती बंद केलीत तर जुन्या नोंदीला कुठलंच दावं उरत नाही, ती मोडीत निघते, तिची मोकळी जागा पुढच्या नोंदींना मिळू शकते आणि तेच तेच पत्ते फिरून दिसतात. सेट बरोबर असूनही मग तुम्हाला वाटेल की दुरुस्ती झालीच नाही.